काचेतले बाबा

(दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बंदरगावातलं चर्च; होस्किन तिथला जुना सेवक. भरदुपारी विमानहल्ल्याचा भोंगा वाजतो आहे.)

होस्किन : ...तळघर केव्हाचं उघडून ठेवलंय, बाईसाहेब. पण तुमची लेक खिडकीखालून हलेल तर शपथ!

ड्रुसिला : लोवेना! ऊठ तिथून. विमानं गोदीवर आलीसुद्धा.

लोवेना : तू जा, आई. मी बाबांपाशी थांबते.

ड्रुसिला : अगं, चित्र रंगवलेली काच आहे ती! फुटली तर सुऱ्यांसारखी अंगावर येईल.

लोवेना : फुटली तर मला काय उरलं? ते दक्षिण ध्रुवाकडे निघाले तेव्हा मी तुझ्या पोटात. तिकडेच बर्फात राहिले, थडगंसुद्धा नाही. या खिडकीतच काय ते पाहिलं मी त्यांना.

होस्किन : ऐकलंत? हा बॉम्ब जवळ पडला. चल गं बाई!

लोवेना : होस्किनकाका, तुम्ही जा ना!

होस्किन : तुला टाकून? बाप्तिस्म्याच्या दिवशी पाणी मीच आणलं होतं तुझ्यासाठी.

ड्रुसिला : लोवेना, तो तुझा बाप नाहीये.

लोवेना : काय?

ड्रुसिला : काचेतला तो. चेहरा त्यांचा नाहीच. कारागिरानं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. फोटो एकच, तोही कानटोपीतला. नाकडोळे त्यानं आपल्या मनानं बसवले.

लोवेना : आणि तू गप्प बसलीस? इतकी वर्षं?

ड्रुसिला : खिडकीच्या उद्घाटनाला पडदा सरकला आणि तू 'बाबा' म्हणून हात पसरलेस. तीन वर्षांची होतीस. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

लोवेना : सगळं याला सांगत आले गं मी... लग्न ठरलं तेसुद्धा आधी याला...

ड्रुसिला : रड, पण खाली येऊन रड. एका माणसाची वाट बघून झालीय माझी. दुसऱ्यांदा नाही जमायचं.

होस्किन : डोकी खाली! हात धरा माझा! पायऱ्या, पायऱ्या सांभाळा!

लोवेना : आई! आई, कुठे आहेस?

ड्रुसिला : ही काय, तुला धरूनच आहे. दिवा गेलाय नुसता. थरथरू नकोस.

लोवेना : तूच थरथरतेयस.

होस्किन : वर काचा पडतायत... देवा रे! गेली खिडकी.

लोवेना : आई... मग ते होते तरी कसे?

ड्रुसिला : थंडी मुळीच सोसायची नाही त्यांना. रात्री गारठलेले पाय माझ्या पोटऱ्यांना लावून झोपायचे.