नव्या बाटलीतलं अल्कोहोल

हॅलो?… हो, नुजहतच बोलतेय. बोल वैदेही… अगं, भोरची लाईन ही, खरखरणारच. मोठ्यानं बोल.

शोधनिबंधाचं पाकीट तयार झालं? कुरिअरवाला पाचला… आणि सरांनी पेढे आणले? हो, हो… अगं ऐक ना. ते पाकीट थांबव.

थट्टा नाही करत. लॅबमध्ये अजून कोण आहे?… बरं. आणि सर?… चहाला गेलेत? म्हणजे वीस मिनिटं आहेत.

आपण काय लिहिलंय सांग… हो, थायॉलचा, म्हणजे त्या गंधकाच्या संयुगाचा, थर दिलेली तांब्याची पट्टी मिठाच्या पाण्यात काळी पडत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. आपलं नवं काय?… बरोबर. थर न देता नुसती अल्कोहोलमध्ये विसळलेली पट्टीही महिनाभर टिकते. पेढे त्याचेच ना?

मग ती नुसती पट्टी मी कशात विसळली?… बाटलीत नाही गं, बीकरमध्ये. थायॉलच्या पट्ट्या विसळून झालेल्या बीकरमध्ये.

हो, मीच… अगं, ते अल्कोहोल मिळतं अबकारी परवान्यावर. कपाटाला कुलूप, आठवड्याला पाव लिटर. एकेक बीकर मी तीन-तीन दिवस पुरवायचे. आमच्याकडं नळ दिवसाआड येतो, विसळलेलं पाणीसुद्धा ओतून द्यायला हात होत नाही.

आज कसं सुचलं? सकाळी अम्मीनं बोंबलाचं पातेलं विसळलं आणि त्याच पाण्यातून कप काढले. चहाला वास… हस. हस तू. मी इकडं कप धरून बसले होते.

वाद नको, करून बघ. दोन ताज्या पट्ट्या ॲसिडमधून काढ, पाण्यानं धू. एक नव्या बाटलीतल्या अल्कोहोलात, दुसरी माझ्या बीकरमध्ये. एकच मिनिट. वाळल्या की दोन्हींवर एकेक थेंब पाणी. फोन ठेवू नको, टेबलावर ठेव… आहे मी.

…काही न्हाई अम्मी, कामाचा फोन हाय. तू जेवून घे… व्हय, येते.

हं, बोल. नव्या बाटलीची?… पसरला. म्हणजे उघडं तांबं. आणि दुसरी?… बाजूनं बघ. गोल?… अळूच्या पानावर राहतो तसा?

झालं तर मग. इतकंसं थायॉल असेल त्यात. तरी रेणू गंधकाच्या टोकानं तांब्याला धरतात आणि शेपट्या वर करून शेजारी शेजारी उभे राहतात. एका रेणूच्या जाडीचा थर, आपोआप. एम.एस्सी.च्या पोरींना मीच शिकवते हे.

काय?… नाही कळणार, खरंय. परीक्षकाला कुठून कळणार? पण आपलं वाचून कुणीतरी नुसत्या अल्कोहोलमध्ये पट्ट्या विसळत बसेल, वैदेही. त्याच्या काळ्या पडतील आणि तो स्वतःची चूक शोधत राहील.

नको, तू नको सांगू. मी… सर आले? दे त्यांच्याकडं.

हॅलो, सर… हो, बकरी ईदसाठी आलेय. सगळे बरे आहेत. सर, पाकीट पाठवू नका… नाही, टायपिंगचं नाही. थर न दिलेल्या पट्ट्यांवरही थर होता. विसळायच्या बीकरमधून बसला… हो. सगळ्याच. दिवाळीपासूनच्या… वैदेहीचा काही संबंध नाही सर, विसळणं माझ्याकडं होतं.

हो, ऐकतेय.

नाही, बंगलोरच्या परिषदेतलं भाषण रद्द नका करू. गोषवारा छापून गेलाय, लोक तो वाचून येणार. मीच उभी राहते. आधी काय म्हटलं होतं ते सांगते, मग कुठं चुकलं ते… पंधरा मिनिटं पुष्कळ झाली सर. दहाच लागतील.

बंगलोरला तेहतीस दिवस आहेत. मोजले मी. नव्या पट्ट्या महिनाभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, तर उद्याच बुडवायला हव्यात… ईद परवा आहे सर. पहिल्या एसटीनं येते, पट्ट्या बुडवते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते.

एकच विनंती होती सर… कपाटाची किल्ली. उद्या दोन लिटर लागेल.

हो?… वैदेहीकडं देऊन ठेवताय? बरं. फोन ठेवते सर.