खिडकीचं बटण आणि शरयूताई

मंडळी, ऐका. आरतीला वेळ आहे, तोवर आज एकच प्रश्न विचारतो. दुसऱ्याला एखादी गोष्ट येते, आपल्याला येत नाही — अशा वेळी माणसानं काय करावं? शिकावं? की जळावं?

"शिकावं!" वा! किती झटकन बोललात! अहो, खोटं आहे ते! आपण आधी जळतो. मनसोक्त जळतो. मग वेळ उरला तर शिकतो!

तापीकाठचं एक गाव. गावात जुनं वाचनालय. तिथं शरयूताई नारखेडे बावीस वर्षं नोकरीला. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे डोळे मिटून सांगणाऱ्या! अक्षर असं, की वाचक पुस्तक नेताना आधी नोंदवही बघायचे!

अध्यक्ष होते यशवंतराव झोपे. आडनाव झोपे, पण माणूस भलताच जागा! ते म्हणाले, "वर्धापनदिनाच्या आत सगळी अकरा हजार पुस्तकं कॉम्प्युटरवर चढली पाहिजेत." दोन कॉम्प्युटर आले. आणि मदतीला आली कांचन भंगाळे. तेवीस वर्षांची, हंगामी नोकरी, बोलणं कमी.

पहिल्या दिवशी शरयूताईंची पुस्तकं झाली चाळीस. कांचनची? एकशे ऐंशी!

का? तर प्रत्येक पुस्तकाला प्रकाशकाचं नाव लिहायचं, पत्ता लिहायचा. तीच तीच नावं, हातभर लांब! ताई एकेक अक्षर शोधून दाबायच्या. आणि कांचन? एक छोटी चौकट उघडायची, टिचकी मारायची — अख्खं नाव, पत्त्यासकट, जागच्या जागी!

कांचनची बोटं टकटक वाजली, की इकडे ताईंच्या काळजात टोचायचं. आणि तहान? तहान वाढली! दर अर्ध्या तासानं ताई माठाकडे — कारण माठ होता कांचनच्या खुर्चीमागं! पाणी प्यायचं आणि तिरक्या डोळ्यानं बघायचं. पण ताई पोहोचेपर्यंत चौकट बंद! दिवसाला बारा पेले पाणी, हाती काही नाही!

एकदा कांचन आपणहून म्हणाली, "ताई, दाखवू का?"

"नको. मला माझ्या पद्धतीनं जमतं."

बघा! दार उघडलं होतं. यांनीच लावून घेतलं!

त्यात झोपेसाहेब म्हणाले, "वर्धापनदिनाला सत्कार कांचनचा करू." बावीस वर्षं! ताईंना कुणी साधा नारळ दिला नव्हता. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कांचन जेवायला घरी गेली. कॉम्प्युटर उघडाच. ताई उठल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बसल्या तिच्या खुर्चीत! बोटं कुठं पडायची ते पाहून ठेवलेलं होतं — खिडकीचं चित्र असलेलं बटण, आणि त्यासोबत व्ही. दाबली दोन्ही!

उघडली चौकट! एकाखाली एक, कांचननं जे जे कॉपी केलं ते सगळं. प्रकाशकांची नावं, पत्ते... आणि मध्येच दोन ओळी — "माननीय प्राचार्य, आपल्या महाविद्यालयात ग्रंथालय सहायक..."

अहो, तिथंच थांबायचं ना! थांबल्या? ताईंनी टिचकी मारली. सबंध अर्ज पुस्तकाच्या नावाच्या जागी येऊन पडला! जळगावच्या कॉलेजात नोकरीसाठीचा अर्ज. ताईंनी तो दोनदा वाचला. मग मागं जायचं बटण दाबून एकेक अक्षर पुसलं. कॉम्प्युटरवरनं पुसलं हो. मनातनं कसं पुसणार?

लगेच फोन. "साहेब, मी सांगितलं म्हणू नका. पण कांचन जळगावला निघालीय. ऐन कामात सोडून जाईल."

झोपेसाहेबांना लागलं ते. शनिवारी त्यांनी कांचनला बोलावलं. "जायचंच आहे ना? मग आताच जा." संपलं!

सोमवार. ताई एकट्या. चार हजार पुस्तकं बाकी. ताईंनी आपल्या कॉम्प्युटरवर तीच दोन बटणं दाबली. चौकट उघडली, "चालू करा" म्हणाली. केली चालू. आत काय? काहीच नाही! अहो, कांचननं गोळा केलेलं कांचनच्या कॉम्प्युटरवर. इथं आधी आपण काही कॉपी करायला नको?

मग ताईंनी एका प्रकाशकाचं नाव माऊस फिरवून निळं केलं, कंट्रोल आणि सी दाबलं. दुसऱ्याचं नाव घेतलं, तसंच केलं. परत चौकट उघडली — दोन्ही नावं हजर! टिचकी मारली. बसलं नाव जागेवर!

"एवढंच?" ताई मोठ्यानं म्हणाल्या.

मंडळी, एवढंच! दहा मिनिटांचं काम!

संध्याकाळपर्यंत दीडशे पुस्तकं झाली. ताई आनंदानं वळल्या, "कांचन, बघ गं—"

खुर्ची रिकामी.

तेव्हा मात्र ताईंनी पर्स उचलली आणि तडक कांचनच्या घरी गेल्या. पोरगी ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

"जळगावचं काय झालं?"

"अजून उत्तर नाही ताई. इथली हंगामी, म्हणून अर्ज टाकला होता. आता दोन्हीकडे काही नाही."

"कांचन, साहेबांना मी सांगितलं."

पोरीचे हात थांबले. "आई विचारत होती, कुणी सांगितलं असेल? मी म्हटलं, कुणीही असेल, शरयूताई नसतील."

काय वाटलं असेल हो त्या बाईला!

"तुझं ते बटण बघायला बसले होते. विचारायची लाज वाटली."

"पुस्तकं कपाटात कशी लावायची, हे मी तुम्हालाच विचारून शिकले ना? मला कुठं वाटली लाज?" एवढं बोलून मेथीची परडी घेऊन ती आत गेली. चहा नाही, पाणी नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची बैठक होती. ताई न बोलावता आत शिरल्या. "मी कांचनच्या कॉम्प्युटरवरचं चोरून वाचलं. मत्सरानं तुम्हाला सांगितलं. तिला परत बोलवा. मला काढायचं तर काढा."

झोपेसाहेब उठले. "मी तरी कुठं तिला एक शब्द विचारला?" म्हणाले, आणि स्वतः चालत तिच्या घरी गेले.

कांचन आली. दोघींनी मिळून काम संपवलं, वर्धापनदिनाच्या दोन दिवस आधी! सत्कार झाला तिचा. सगळ्यांत आधी टाळ्या ताईंनी वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या.

झालं ना गोड? थांबा! कांचन आता ताईंशी हसून बोलते. पण पाणी प्यायला उठली तरी आधी कॉम्प्युटरला पासवर्डचं कुलूप घालते. ताई रोज ते बघतात.

आता मंडळी, माझ्याकडे बघू नका. शेजारी बघा! त्याला काय येतं, जे तुम्हाला येत नाही? पोळ्या? पेटी? मोबाईल? कितीक वर्षं तिरक्या डोळ्यानं बघताय? आज घरी जायच्या आधी त्याला एवढंच म्हणा — "शिकवतोस का?" म्हणा आत्ता! मी थांबतो. आरती नंतर!