गळणारा काना

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई बसली होती आणि तिच्या पलीकडे मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेली तिची मुलगी.

“सापडली का गं तुझी ती चूक?”

“सापडली. काल दुपारी.”

“मग तोंड का असं? तीन आठवडे डोकं खात होतीस माझं. पुस्तक ग्रंथालयाच्या यादीत असतं, पण कॉम्प्युटरवर शोधलं की येत नाही म्हणे.”

“हो. शोधणारा प्रोग्राम एकेका ओळीवर थांबवून बघत गेले. शोधताना शब्दाचा शेवटचा काना गळत होता.”

“एवढंसंच?”

“एवढंसंच.”

“मग कळव की तुझ्या त्या गुरुजींना. रोज लिहितात ना तुला?”

“लिहायचे. कुठे थांबवायचं, काय बघायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. नवखी म्हणून कधी हसले नाहीत.”

“लिहायचे म्हणजे?”

“काल दुरुस्ती पाठवली, तर उत्तर त्यांच्या बायकोचं आलं. सोमवारीच गेले ते.”

“अगं बाई! तू तर पाहिलंही नव्हतंस त्यांना.”

“आवाजसुद्धा ऐकला नव्हता.”

“आणि तुझी दुरुस्ती?”

“ओपन सोर्सचं, सगळ्यांनी मिळून हौसेनं करायचं काम, आई. पगार कुणालाच नाही. तपासणारे ते एकटेच उरले होते. आता पडून राहील.”

“लॅपटॉप इकडे कर बघू.”

“तुला काय दिसणार? आत्ताच औषध घातलंय डोळ्यांत.”

“मग वाचून दाखव ती दुरुस्ती. पहिल्या ओळीपासून. कळलं नाही तरी ऐकते मी.”