सहा भोकं आणि न संपणारा गहवा

...आणि वर मालक मलाच म्हणतो, "शरम नहीं, नागेश, पियो!" शरम? अहो, पोटात कडू पाण्याचा हौद झालाय, बोटं खजुरानं चिकटलीत, आणि हा म्हणतो पियो. शी! त्या गहव्याचा, त्या बिनदुधाच्या अरबी कॉफीचा, वाससुद्धा नको आता. मापाला हात स्थिर लागतो हो, एवढं साधं कळू नये?

तुम्हाला सांगतो, मी अबू धाबीकडच्या रुवैसला लेथ शॉपमध्ये कामाला. आमचा मालक, अरबाब, नेमबाजीच्या क्लबात जातो. तिथं मेहुण्यासमोर याचे सगळे नेम चुकले. मग दोष कुणाचा? रिव्हॉल्व्हरचा! आजोबांचं, परवान्याचं. म्हणे गोळ्या ठेवायच्या सहा भोकांतलं एखादं कमीजास्त असणार, घरी येऊन माप. आमचा फोरमन रोशन, चिपळूणचा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "जा रे. काम झालं की तिथंच रजेचं विचार. ऑफिसात तर तुझ्या तोंडातून शब्द फुटत नाही." खरंय ते. सोनमशी साखरपुडा ठरलाय, तिकडे गावी हॉल घेतलाय, जेवणावळ सांगितलीय, आणि नवऱ्या मुलाची रजाच मंजूर नाही!

गेलो. बैठकीत गालिच्यावर बसवलं. बंदूक राहिली कपाटात कुलूपबंद, फक्त ते सहा भोकांचं फिरतं चक्र काढून ताटात आणलं, लाडू आणावेत तसं. आता गोळी जिथून पुढे निघते, ते भोकाचं तोंड मापायचं. तिथं व्हर्नियर, आमची जबड्यांची मोजपट्टी, खोटं बोलतो. त्याचे जबडे सपाट, भोक गोल, माप कमीच दाखवणार. म्हणून मी पिनांचा डबा नेलेला. मापाच्या गुळगुळीत सळया, एकीपेक्षा दुसरी केसभर जाड. भोक पुसायचं, पीन पुसायची, आणि नुसत्या वजनानं आत उतरेल ती सगळ्यांत जाड पीन, तेच माप. रेटायचं नाही. मापाला हात स्थिर लागतो.

आणि हा किटली घेऊन उभा! एवढासा कप, घोटभर गहवा. प्यालो, रिकामा कप खाली ठेवला... भरला. आपल्याकडे पाहुण्यानं संपवलं की यजमान खूश, म्हणून पुन्हा संपवला... पुन्हा भरला. मग अर्धा ठेवला, तर गार झाला म्हणून ओतून टाकला आणि ताजा दिला. कपावर हात धरला, तर "शरम नहीं!" वर खजूर. नाही कसं म्हणायचं? माझी रजा त्याच्या खिशातल्या पेनात अडकलेली.

मग काय व्हायचं? हात लटलटायला लागले. एकाच भोकाला एकदा एक पीन जाते, एकदा जात नाही. एक पीन तर खजुराच्या चिकट्यानं आत जी बसली, ती निघेना. किळस आली हो! अरबाब मात्र खुलला. "देखा? बंदूक खराब! मैं बोला ना?" लगेच मेहुण्याला फोन लावायला निघाला.

तेवढ्यात माझ्या थरथरत्या हातातला कप आपसूक डावी-उजवीकडे हलला. अरबाबनं पाहिलं, "खलास?" म्हणाला आणि किटली खाली ठेवली. खलास! एवढंच होतं हो! कप हलवला की पुरे, असा इथला रिवाज. मी मूर्ख, हौदभर प्यालो.

मग हात धुतले, अडकलेली पीन ओली करून सोडवली, पिना धुतल्या, चक्र पुसलं, जरा बसून राहिलो. मापाला हात स्थिर लागतो. पुन्हा मापलं. सहाही भोकांत तीच पीन उतरली, सहाहीत पुढची अडली. एकदम सारखी. आता खोटं सांगावं, तर तो ही भोकं कुणाकडून तरी कोरून मोठी करून घेणार, आजोबांची वस्तू कायमची बिघडणार. रजा डोळ्यांसमोर दिसत होती. तरी सांगितलं, हळूच, गालिच्याकडे बघत: "अरबाब, सब बराबर है."

त्यानं चक्राचं ताट बाजूला सारलं. मग फोन खिशात ठेवून म्हणाला, "तुम्हारा हाथ हिलता है, हबीबी. अगला जुम्मा फिर से मापो. छुट्टी उसके बाद, इन्शाल्ला."

अहो, पुढच्या शुक्रवारीच तर साखरपुडा! सोनमला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "सहा भोकं मापायला किती शुक्रवार लागतात, तेवढं एकदा मापून सांगा."

निघताना दारात मी धीर करून एवढंच बोललो होतो, अरबाब, अगली बार गहवा नहीं. तो हसला, म्हणाला ठीक, मग करक चहा, तो इथला कडक दुधाळ. दारातच एक प्याला हातात दिलाही. मी शहाण्यासारखा लगेच हलवला... तर साखर ढवळतोय समजून त्यानं आणखी दोन चमचे घातले.