दार आतून लावल्याबाबत

जबाब देणार: परिचारिका, वय एकेचाळीस वर्षे, राहणार दवाखान्याच्या मागील गल्लीत, पती व मुलीसह.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी आमच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात नोकरीस आहे. तेथे आसपासचे लोक सर्दीतापापासून पाठदुखीपर्यंत सगळ्यासाठी येतात. जुन्या दुखण्यावर काहींना अफूच्या जातीच्या कडक गोळ्या लिहून द्याव्या लागतात व त्यांची सवय लागते. अशा गोळ्या साध्या दवाखान्यात सांभाळून कशा द्याव्यात, सवय झालेल्यांच्या हळूहळू कमी कशा कराव्यात, यावर डॉक्टरबाईंचे संशोधन चालू होते. त्यास एका संस्थेचा निधी होता. गोळी थोडी थोडी उतरवायची, व्यायाम शिकवायचा आणि मधल्या दिवसांत घरी फोन करून विचारपूस करायची, अशी पद्धत होती. फोन मी करत असे.

उन्हाळ्यात निधीची मुदत संपली. डॉक्टरबाईंनी मुदतवाढ मागितली. आधी निष्कर्ष दाखवा, मग बघू, असे उत्तर आले. गोळ्या उतरल्याशिवाय निष्कर्ष निघत नव्हते आणि निधीशिवाय गोळ्या उतरत नव्हत्या. डॉक्टरबाईंनी मला हे दोनदा समजावले, तरी मला ते समजले नाही. माझी बदली ड्रेसिंगच्या खोलीत झाली. फोन बंद झाले. स्वतःच्या फोनवरून का केले नाहीत, असे विचारले असता, ते माझे काम राहिले नव्हते, असे मी सांगितले.

ज्यांच्याबद्दल हा जबाब आहे ते काका छपरे बसवण्याचे काम करत. छपरावरून पडून त्यांच्या पाठीचा मणका मोडला. संशोधनात त्यांची गोळी निम्म्यावर आली होती. मी फोन केला की ते म्हणत, "सिस्टर, आज जिना चढलो. उतरलो कसा ते विचारू नका."

परवा दुपारी दवाखाना बंद व्हायच्या सुमारास काका व काकू आले. काकू बाहेर बाकावर बसल्या. काका हातात कापडी पिशवी घेऊन डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले व त्यांनी दार आतून लावले. मी शेजारच्या खोलीत होते. मध्ये फक्त प्लायवूडची भिंत आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, दार उघडा आधी. मी जास्तीच्या गोळ्या लिहून देणार नाही."

काका म्हणाले, "मागायला कोण आलंय? घ्या ना या. सगळ्या घ्या."

"पिशवीत काय आहे? हात बाहेर काढा."

"अहो बाई, हळू बोला!"

यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आधी खुर्ची की आधी बेल, हे मला नक्की सांगता येत नाही. काही दिवसांपूर्वी एका रुग्णाने गोळ्यांसाठी काउंटरची काच फोडली होती. तेव्हापासून डॉक्टरबाईंच्या टेबलाखाली बेल बसवलेली आहे. बेल ऐकून वॉचमन धावत आला व त्याने दाराला खांदा मारला. काका दाराला पाठ लावून उभे होते. ते टेबलाच्या कडेवर आपटले. मी आत गेले तेव्हा पिशवीतल्या गोळ्यांच्या पट्ट्या जमिनीवर पसरल्या होत्या. डॉक्टरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. वॉचमन मला विचारत होता, "मी बरोबर केलं ना?"

काका पडल्या पडल्या मला म्हणाले, "फोन बंद झाल्यावर दुखणं परत आलं. दुसऱ्या डॉक्टरकडून लिहून घेतल्या. माझी गोळी उतरवत होते, हे त्यांना काय माहीत? आता त्या घरात आहेत म्हटलं की हात तिकडेच जातो. म्हणून परत करायला आणल्या. हिला कळू नये म्हणून दार लावलं."

तोवर काकू दारात येऊन उभ्या होत्या.

काका मोठ्या रुग्णालयात दाखल आहेत. त्यांना वेदना सहन होत नसल्याने तेथे त्याच जातीचे इंजेक्शन चालू आहे. काल डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "त्यांनी मला कोंडून ठेवल्याची तक्रार मीच दिलीये. मी घाबरले होते गं. आता ती मागे कशी घ्यायची?" आज सकाळी काकूंचा मला फोन आला. "सिस्टर, ते शुद्धीवर आले की विचारतात, माझी गोळी आता कितीवर आली? काय सांगू?"

माझी कोणाविरुद्ध तक्रार आहे का, असे विचारले. आहे. कोणाविरुद्ध, ते मला सांगता येत नाही.

हा जबाब मी सांगितला तसा हवालदारांनी लिहून घेतला व मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'आरोपी' असे आले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'काका' केले आहे. बाकी बरोबर आहे.