गिअरवरची पांढरी खूण

हसू नका बे, पहिले पुरं ऐका. देऊळघाटच्या घरी, अंगणातच, मी बाबाच्या जुन्या गाडीचा कॅमशाफ्ट, म्हंजे इंजिनाचे व्हॉल्व उघडनारा दांडा, बदलून राह्यलो होतो. बाबाले जाऊन तीन वर्षं झाली. ते असेपर्यंत त्या इंजिनाले दुसऱ्या कोनाचा हात लागला नाही.

जुना शाफ्ट काढाच्या आंधी त्याच्या गिअरवर आन् चेनवर बायकोच्या लाल नेलपॉलिशनं खूण केली. नव्याच्या गिअरवर दात मोजून तशीच खूण केली, आन् त्याच हिशेबानं बसवला. एक दात जरी चुकला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळते, इंजिन खलास.

सेल्फ माराच्या आंधी जेवून घेतलं. परत येऊन पाहतो, तर नव्या गिअरवर दुसरी खूण. पांढरी, बोटानं ओढलेली, माह्या खुणेच्या एक दात पुढं.

मायले बोलावलं. तिनं नखानं खरडून पाहिलं.

"चुना हाय. तुहे बाबा अशीच खूण करत, तंबाखू मळता मळता."

"आता घरात चुना कोन खाते?"

"कोनीच नाही."

मंग मी चेनच्या कड्या मोजल्या. माहीच खूण चुकली होती. पांढऱ्या खुणेवर चेन चढवली आन् गाडी एका सेल्फात सुरू झाली.

माय आत गेली, बाबाच्या फोटोमागं ठेवलेली त्यायची चुन्याची डबी घेऊन आली.

"तूच उघड," म्हणे.

तीन वर्षांत चुन्याचा दगड व्हाले पायजे होता. डबी उघडली, तर चुना ओला, आन् मधोमध बोट फिरवलेलं.