वतन?

(१९५६चा नोव्हेंबर. हैदराबाद, गौलीगुड्यातली एक खोली. उभा जन्म सरकारी दफ्तरात चपराशी राहिलेले नागोराव, त्यांची बायको मनकर्णा, आणि त्याच दफ्तरातले कारकून, त्यांच्याच गावचे हिम्मतराव.)

हिम्मतराव : आधी ते दार लावा, बाई. हां. आता सांगा नागोराव, त्या दिवशी साहेबानं तुम्हाला नेमकं काय विचारलं?

नागोराव : सगळ्यांला इचारलं तेच. "नागोराव, वतन?" मी म्हणलं, "वतन न्हाई, साब. कवाच सोडलं."

हिम्मतराव : म्हणजे कागदावर 'वतन नाही' वाचलं ते खरंच! घात केलात की हो!

मनकर्णा : कसला घात? खरं तेच बोलले. गावची महारकी टाकून आलो आमी. ती शिळी भाकर नको, ती घुंगराची काठी नको. आन् आता तर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. कुठलं आलंय वतन?

हिम्मतराव : अहो, साहेब उर्दूत विचारत होता! त्याचं वतन म्हणजे मुलूख. गाव कुठलं, एवढंच. राज्य फुटलं, मराठवाड्याची माणसं मुंबईच्या वाट्याला, तेलंगणाची आंध्राच्या. तुमच्या कागदावर गावच नाही, तुम्ही पडलात मधल्यामधे.

नागोराव : मंग माझा वजीफा? याच साली घरी बसायचंय मला.

हिम्मतराव : पेन्शन द्यायची कुणी? इकडचे म्हणणार तिकडं मागा, तिकडचे म्हणणार हा आमचा कोण?

नागोराव : हौला मी, निव्वळ येडा! म्हातारपणाला तेवढाच आधार व्हता.

मनकर्णा : मंग जाऊन सांगा की, चूक झाली म्हणून. त्यात काय लाजायचं?

हिम्मतराव : मी सांगितलं ना. तोंडी चालत नाही म्हणतो. हा माणूस आमच्या गावचा, अशी पाटलाची सही पाहिजे. म्हणून मी काकांना निरोप धाडला.

मनकर्णा : पाटलाला? आमाला न इचारता?

हिम्मतराव : तुमचं भलं व्हावं म्हणूनच! काका सही द्यायला तयार आहेत. फक्त... म्हणाले, माणूस आमचा, तर आमच्या रीतीनं वागू दे. जत्रेला यायचं, काठी हातात घ्यायची, चावडीपुढं सगळ्यांदेखत वाकून जोहार घालायचा. आणि बुद्धाचं नाव गावात काढायचं नाही.

नागोराव : आन् न्हाई म्हणलं तर?

हिम्मतराव : तर सही नाही.

मनकर्णा : खड्ड्यात गेली ती सही! मी चार घरची धुणी धरीन.

नागोराव : गुडघे उचलत न्हाईत तुझे, धुणी धरती म्हणं. एक जोहार घातला तर काय जीभ झडत न्हाई माझी.

मनकर्णा : जिभेचं भ्या न्हाई वो मला. मामंजी बी असंच म्हणून चावडीवर गेले. "जातो आन् येतो." खाटल्यावर घालून आणलं त्यांला. पाणी पाणी करत गेले.

नागोराव : मनू, गप.

मनकर्णा : कशी गप बसू? दीक्षा घेतल्याचं गावाला कळलंय. वाटच बघत असतील मेले.

हिम्मतराव : बाई, काळ बदलला आता. मी स्वतः सोबत येतो ना! पाटलाच्या घरचा माणूस मी. माझ्यासमोर कोण हात उचलतो तेच बघतो.

नागोराव : तुमचं मन चांगलं हाय, हिम्मतदादा. तुमचे वडील बी लई भले व्हते. माझ्या बापाला मारलं तवा ते तिथंच उभे व्हते.